चौथी फुली

४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज लिहितेय. कामाचं कारण देणार होते, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की या नव्या जागेत आल्यापासून मला मोकळेपणाने लिहायला जमेनासं झालंय. दिवसभर वस्तूंच्या पाट्या लिहायच्या: वस्तू कोणती, कुणाची, कुठल्या लढाईतली, कुणी दिली. चाळीस शब्दांत. एकेचाळिसावा आला की काट. आता मनातल्या मनातही काटत बसते.

आमचं लष्करी संग्रहालय एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होतंय. भिंती हातभर जाड, त्यामुळे आतली हवा बाराही महिने सारखी. लोकर आणि कागद टिकतात. जमिनीत पाणी वाहून जायच्या पन्हळी अजून तशाच आहेत. सकाळी उंच खिडक्यांतून ऊन येतं, पण जमिनीपर्यंत पोचत नाही, मध्येच हवेत थांबून राहतं. त्याच्याखाली बिनडोक्याचे लाकडी पुतळे ओळीने उभे. सुतारकाकांनी प्रत्येकाच्या छातीचं माप वेगळं ठेवलंय. जेवणानंतर मी पाचच मिनिटं टेबलावर डोकं टेकते आणि रोज तेच बघते: जमीन पुन्हा बर्फाची झालीय आणि पुतळे सावकाश श्वास घेताहेत. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. हे माझ्या मनात कधी येऊन वसलं, ते मात्र आठवत नाही.

एक डिसेंबरला उद्घाटन. पहिल्या दालनात एकच वस्तू ठेवायची आहे, सैनिकाचा गुडघ्याखाली येणारा लोकरी कोट. इथल्या पोस्टमास्तरीणबाईंनी दिला. त्यांचे यजमान त्रेपन्न वर्षांपूर्वीच्या डोंगरावरच्या लढाईत होते. परत आले, पोस्टात लागले, चाळीस वर्षं संसार करून वारले. कोटाला छातीवर डावीकडे गोळीचं भोक होतं, ते रफू केलेलं आहे. अंगावर व्रण नव्हता. ‘गोळी कोटाला लागली, मला नाही,’ एवढंच ते सांगायचे म्हणे.

आमचे संचालक, ज्यांना आम्ही मागून ‘जनरल’ म्हणतो (सगळी नोकरी ग्रंथालय खात्यात गेली, पण चालतात हात पाठीशी बांधून), ते म्हणतात, रफू उसवा. ‘लोक कोट बघायला येत नाहीत हो, भोक बघायला येतात.’ आणि मी शिवणकाम करणाऱ्या घरातली, म्हणून हे काम माझ्याकडे. मी हो म्हणून बसले. भीड भिकेची बहीण.

पण कडेने उजेड पडेल असा आडवा दिवा लावून रफू बघितलं आणि हात थांबला. कोपऱ्यातला शेवटचा धागा मागे वळून पुन्हा आत गेलाय, जाता जाता कुणी वळून बघावं तसा. माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टवर तू असाच सोडायचीस. तरुणपणी तू लष्कराच्या शिलाईखान्यात होतीस एवढंच मला माहीत आहे. त्यापुढे तू कधी बोलली नाहीस. हे रफू तुझं आहे का?

तुझी,
खडू


११ ऑक्टोबर

खडू बाळ,

सुतावरून स्वर्ग गाठायची सवय तुला पहिल्यापासून. माझा शिवणाचा खडू खाल्लास तेव्हाही मलाच सांगत होतीस, आत्या, पोटात रेघ उमटली.

अगं, शिलाईखान्यात आम्ही चौदा जणी होतो. वळवलेला धागा सगळ्याच सोडायच्या. रफू करणारीचं नाव कोटावर कुणी लिहितं का? दिसलं नाही ते चांगलं रफू, दिसलं ते वाईट, एवढंच त्यातलं शास्त्र. तुझ्या दिव्याला दिसलं म्हणजे वाईटच असणार. म्हणजे माझं नव्हे.

उसवायचं तर उसव. ज्याने जन्मात भोक बुजवलं नाही त्याला भोकाचं कौतुक. फक्त आतल्या खिशाला हात लावू नकोस. जुन्या कोटांची खिशाची शिवण कुजकी असते, सगळा खिसा हातात येईल.

तो माणूस चाळीस वर्षं जगला असं लिहिलंस. नक्की ना? तुमच्या कागदांत घोटाळा नाही ना? मुलंबाळं होती का? सहज विचारते.

माझे गुडघे बरे आहेत. त्या बर्फाच्या कारखान्यात अनवाणी फिरू नकोस.

आत्या


२१ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

खिशाचं तू लिहिलंस ते मी अनुभवी बाईचा सल्ला म्हणून वाचलं आणि नोंदवहीत ‘आतला खिसा: तपासला नाही’ असं लिहून सही केली. मग दोन दिवस तेच डोक्यात. तपासलं नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं तरी मला आपण लबाडी केल्यासारखं वाटतं. या स्वभावाला काय करावं कळत नाही. शेवटी पातळ हातमोजे घालून खिसा उलटा केला. शिवण कुजकी नाही, चांगली पक्की आहे. तळाशी अस्तरावर लाल धाग्याच्या तीन फुल्या आहेत, तांदळाच्या दाण्याएवढ्या. शेजारी एक काळा सुटा धागा. ‘धोब्याच्या खुणा, तीन’ अशी नोंद केली. बरोबर ना?

तो माणूस खरंच जगला. दोन मुली, एक मुलगा. पोस्टमास्तरीणबाई मंगळवारी येऊन गेल्या. सुतारकाकांनी लष्करी कागदावरच्या मापाने पुतळा केला होता, तरी कोट त्याच्यावर नुसता लोंबत होता. काका खजील झाले. “माप चुकलं वाटतं.”

“तुमचं नाही चुकलं,” बाई म्हणाल्या. “त्यांना तो मोठाच व्हायचा. एकदाच मी बळंच चढवला होता, तर बाहीतून बोटं दिसेनात.”

“एरवी घालत नव्हते?” मी विचारलं.

“कडाक्याच्या थंडीतसुद्धा नाही. म्हणायचे, आज माझा नंबर नाही. मी म्हणायचे, घरात घालणारे तुम्ही एकटे, नंबर कुणाचा लागलाय? नुसते हसायचे. विचित्रच होते थोडे. पोस्टातली सगळीच तशी असतात.”

त्या दुपारी मी डोकं टेकलं तेव्हा पुतळे श्वास घेत नव्हते. एका रांगेत उभे राहून तो कोट एकमेकांच्या हातात देत होते. शेवटचा पुतळा रिकाम्या हातांनी माझ्याकडे बघत होता. डोकं नसताना तो बघतोय हे मला कसं कळलं कोण जाणे.

रफू पाच नोव्हेंबरला उसवायचं ठरलंय. तुला काही सांगायचं राहिलं असेल तर त्याआधी सांग.

खडू


६ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र नाही. फोन केला तर ‘गुडघे बरे आहेत’ म्हणून ठेवून दिलास. गुडघ्यांचं मी विचारलं नव्हतं.

काल जनरल शेजारी उभे होते. चिमट्याने मी चार धागे काढले. रंग हुबेहूब कोटाचा, कारण तूच शिकवलंस तसं, रफूचा धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ओढून घेतलेला. पाचवा धागा ओढवेना. डोळ्यांना ताण येतोय असं खोटं सांगून थांबले. नोकरीतलं हे माझं पहिलं खोटं असावं, निदान मला आठवतं त्यात. चारही धागे बशीत ठेवलेत.

अठ्ठावीस तारखेला काचेची पेटी बंद होणार. तोवर भोक उघडं तरी करायचं, नाहीतर न करण्याचं कारण लेखी द्यायचं. ‘वाईट वाटतं’ हे कारण चालत नाही. मला कारण दे, आत्या.

खडू


१० नोव्हेंबर

खडू बाळ,

धोब्याच्या खुणा. माझ्या मांडीवर बसून सुईत दोरा ओवायला शिकलीस आणि शेवटी मला धोबी करून ठेवलंस.

फुल्या माझ्या आहेत.

मी एकोणीस वर्षांची होते. डोंगरावर लढाई, वर बर्फ, आणि कोट कमी. वरून कोटांचे गठ्ठे यायचे. कुणाचे, ते कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. आधी ते मोठ्या हौदात धुतले जायचे. खोली वाफेने इतकी भरायची की समोरची बाई नुसती आवाजावरून ओळखायची. मग मागच्या मैदानात तारांवर वाळत घालायचे. वारा आला की बाह्या भरायच्या. दीडशे-दोनशे कोट, सगळे डोंगराकडे तोंड करून. मी खिडकीतून बघत बसायचे. वाटायचं, आता हे तारेवरून उतरतील आणि आपले आपण घरी चालत जातील.

वाळले की आमच्याकडे. रफू करून, इस्त्री मारून नव्या पोरांना द्यायचे. आमचे उस्ताद होते, सगळ्यांत वरच्या टेबलावर बसायचे. ते म्हणायचे, “ज्याच्या अंगावर जाईल त्याला कळता कामा नये. पोरगं आधीच भ्यालेलं असतं.” चौदा जणींकडून तसं वचन घेतलं होतं त्यांनी. माणूस वाईट नव्हता. त्याचंही बरोबरच होतं, हे आता जास्त कळतं.

दुसरा नियम होता, मोजायचं नाही. मी मोजलं.

तो कोट माझ्या हातून तीनदा गेला. पहिल्या वेळी पाठीवर भोक, मणक्याशी. दुसऱ्या वेळी उजव्या बगलेखाली. दर वेळी खिशाच्या तळाशी एक फुली घातली. कुठेतरी लिहिलेलं असावं एवढंच मनात होतं. तिसऱ्या वेळी गठ्ठ्यातून निघाला तेव्हा मी आधी खिसा उलटा केला. दोन फुल्या. आणि भोक छातीवर, खिशाच्या बरोबर वर.

त्या दिवशी मी वचन मोडलं. बाहेरून रफू साफ केलं, कारण उस्ताद तळहात फिरवून बघायचे. आतून गाठी ठेवल्या. खिशात हात घातला की बोटाला लागतील अशा. तुझ्या आडव्या दिव्याला दिसलं ते त्या गाठींमुळे. खाली तिसरी फुली घातली. चौथ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

कोट गेला आणि मग मला उमगलं मी काय केलंय ते. हाडं गोठवणाऱ्या थंडीत एका पोराला मी सांगितलं होतं की बाबा, तुझ्या आधी तीन गेले. त्याने कोट फेकून दिला असेल आणि गारठून मेला असेल, तर? अंगात ठेवला असेल आणि भीतीने पाय उचलला नसेल, तर? त्रेपन्न वर्षं रोज नाही, पण थंडी पडली की तो माणूस येतो. त्याला तोंड नसतं. म्हणतो, बाई, कशाला सांगितलंत.

तो जगला हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून मी दारात जाऊन बसले. आनंद झाला, नाही असं नाही. पण तो मला शिव्या घालत जगला की काय, हे कुणाला विचारू? म्हणून लिहिलं नाही. गुडघे खरंच बरे आहेत.

आता तुझं कारण. भोक उघडलंस तर लोक एक गोळी बघतील. तिथे तीन आहेत. उरलेल्या दोन तुझ्या दिव्याला दिसायच्या नाहीत; तेव्हा माझा हात चांगला होता. डोळे मिट आणि बोटाने शोध.

पोस्टमास्तरीणबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. मला जमणार नाही.

आत्या


१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

हातमोजा काढला. नियमाविरुद्ध आहे, तशी नोंदही केली. डोळे मिटून बोट फिरवत गेले. बगलेखालचं लवकर लागलं. पाठीवरचं सापडायला दहा मिनिटं गेली, आणि सापडल्यावर डोळे उघडून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. पुन्हा मिटले, तर होतं.

बाईंना सांगावं की नाही यावर दोन दिवस घालवले. सांगणं हे माझं काम आहे की मला खरं बोलण्याची हौस आहे? त्यांच्याजवळ नवऱ्याचं एक वाक्य आहे, ते मी काढून घेणार. पण तेच वाक्य, खोटं आहे हे माहीत असताना, पाटीवर लिहिणार कशी? शेवटी गेले. सगळं सांगितलं, तुझं नाव सोडून. त्या दाण्यांतले खडे निवडत होत्या, ऐकताना हात थांबला नाही.

मग म्हणाल्या, “म्हणजे खरंच बोलत होते की ते.”

“म्हणजे?”

“गोळी कोटाला लागली, मला नाही. यात खोटं काय आहे?”

मीही खडे निवडायला लागले. मग त्यांचा हात एकदम थांबला. “अगं बाई. नंबर,” त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, “हिवाळ्यात कोट उन्हात घालायचे तेव्हा खिसा उलटा करून बघायचे. मी म्हणायचे, काय खजिना आहे त्यात? म्हणायचे, माणसं आहेत. मी कुठे लक्ष देतेय, मला भाकरी थापायची असायची.”

मी तशीच परत आले आणि भिंग घेऊन खिसा पुन्हा बघितला. आत्या, मी नोंदवहीत एक नाही, दोन चुका केल्या होत्या. तो काळा धागा सुटा नाही. ती चौथी फुली आहे. वाकडी, जाड धाग्याची, सुई धरता न येणाऱ्याने घातलेली. एक टाका अस्तरातून पार पलीकडे गेलाय. पण तुझ्या तिन्हींच्या ओळीत आहे आणि तेवढीच लहान करायचा प्रयत्न केलेला दिसतो. एक टोक सुटलंय, म्हणून मी फसले.

तिचा अर्थ मी ठामपणे सांगू शकत नाही. फुलीचा अर्थ घालणाऱ्यालाच ठाऊक. पण चिडलेला माणूस तीन फुल्या उसवून टाकेल, चौथी घालत बसणार नाही. तू त्याला एक रांग दाखवलीस आणि तो तिच्यात जाऊन उभा राहिला, असं मला वाटतं. चाळीस वर्षं तो कोट त्याने आपला एकट्याचा मानला नाही.

कारण लेखी दिलं, दीड पान. जनरलांनी दोनदा वाचलं, मग दार लावून घेतलं, हातमोजा काढला, डोळे मिटले आणि पाठीवर बोट फिरवत राहिले. “मला सापडत नाही,” म्हणाले.

“तेच तर,” मी म्हटलं.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. हात पाठीशी बांधलेले नव्हते, कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे लोंबत होते. मग म्हणाले, “आणि तुम्ही काढलेले चार धागे? ते परत कोण घालणार?”

तेच तुला विचारायला हे पत्र.

खडू


२३ नोव्हेंबर

खडू बाळ,

बशी झाकून ठेव. कुणी शिंकलं तर धागे जायचे.

बुधवारच्या बसने येते. सुई माझी मी आणते, तुमच्या संग्रहालयाची सुई लढाईतली असायची. तू उजेड कर आणि जवळ बसून बोलू नकोस. जनरलांना सांग, हातमोजे घालून रफू होत नाही, हवं तर माझं नाव कुठे लिहायचं ते लिहा.

तो काळा धागा बुटाचा असणार, मेण लावलेला. सैनिकाजवळ दुसरा कुठला असेल? बुटाच्या धाग्याने अस्तरावर फुली घालायची म्हणजे बोटाला किती वेळा टोचलं असेल त्याला. तेवढाच विचार करत बसले दोन दिवस.

थंडी पडलीय इकडे. या खेपेला अजून कोणी आलं नाही.

गाठी पुन्हा घालू का गुळगुळीत करू, ते ठरवून ठेव.

आत्या


३ डिसेंबर

प्रिय आत्या,

बस वेळेवर पोचली ना? तुझा चष्मा इथेच राहिलाय. म्हणजे तू चार धागे चष्म्याशिवाय घातलेस की काय, हे मी विचारणार नाही.

गाठी तू ठेवल्यास ते बरं केलंस. मी सांगणारच होते, पण जवळ बसून बोलू नकोस म्हणाली होतीस.

उद्घाटनाच्या गडबडीत तुला पाटी नीट वाचता आली नसेल, म्हणून इथे उतरवते:

‘लोकरी कोट. चार सैनिकांनी एकामागून एक घातला. पहिल्या तिघांची नावं आम्हाला माहीत नाहीत. तिघांना गोळी लागली. तिन्ही भोकं शिलाईखान्यात बुजवली गेली. चौथा घरी परतला. आतल्या खिशात चार फुल्या आहेत: तीन लाल, रफू करणारीच्या, एक काळी, त्याची. भोकं दिसत नाहीत. आहेत.’

मोजून चाळीस. लोक पेटीसमोर थांबतात, वाकून भोक शोधतात, मग कुणाला न सांगता आपल्याच छातीवर हात ठेवून बघतात. जनरल लांबून हे बघत असतात. काल मला म्हणाले, “येतात हो, कोट बघायलाही येतात.”

एक कबूल करते. तू आणि पोस्टमास्तरीणबाई पेटीसमोरच्या दोन खुर्च्यांवर बसला होतात तेव्हा मी खांबाआड होते. दोघीही नुसत्या काचेकडे बघत होतात, मला वाटलं, ओळख करून देताना मी काही चुकीचं बोलले. मग बाई म्हणाल्या, “मोठा व्हायचा हो त्यांना.” आणि तू म्हणालीस, “कळवलं असतं तर लहान करून दिला असता.” त्यावर तुम्ही दोघी इतक्या हसलात की रखवालदार बघायला आला. मी खांबाआडच राहिले. चोरून ऐकणं वाईट, पण ते वाक्य मला कुणाच्याही पाटीवर लिहायचं नव्हतं, नुसतं ठेवून घ्यायचं होतं.

आज जेवणानंतर सवयीने डोकं टेकलं. पुतळे नव्हतेच. तुझं मैदान होतं, तारा होत्या, वारा होता. कोट एकेक करून तारेवरून उतरत होते आणि डोंगराकडे पाठ करून चालायला लागत होते, घाई न करता, शाळा सुटल्यासारखे. सगळ्यांत मागे एक होता. त्याच्या बाह्या इतक्या लांब होत्या की बोटं दिसत नव्हती. पण चालत होता.

तुझी,
खडू